झडीतले सात रविवार

बुधवार, ९ एप्रिल २००८. यवतमाळच्या दत्त चौकातल्या सायबर कॅफेत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसून शाल्मली पांढरीपांडेने स्वीडनहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. तिथल्या एका शेती विद्यापीठात कीटकशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी तिला जागा मिळाली होती. फी नव्हती, राहण्याखाण्यापुरती शिष्यवृत्ती होती, वर्ग १ सप्टेंबरला सुरू होणार होते. येणार की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. पंचविशीतल्या मुलीने आनंदाने घर डोक्यावर घ्यावं अशी ही बातमी. पण पत्राच्या शेवटी तिथल्या प्राध्यापक बाईंनी आपल्याकडून चार ओळी जोडल्या होत्या. भर पावसातही एकही आठवडा न चुकवता वीस आठवडे तुम्ही शेतात मोजणी केलीत याचं कौतुक वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. झडीच्या दिवसांत कपाशीवरचे कोळी नाहीसे होतात हे तुमचं निरीक्षण आमच्यासाठी नवं आहे, इथे आल्यावर त्यावरच काम करा, असंही.

शाल्मलीने पत्र छापून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या वीस आठवड्यांपैकी सात आठवडे ती शेतात गेलीच नव्हती.

घरी तिने हे सांगितलं नाही. सांगायला जागाच राहिली नाही म्हणा. वडील नंदकिशोरराव जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं कागद सांभाळून निवृत्तीला आलेले. त्यांनी पत्र चष्मा पुसून वाचलं, देवापुढे ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना स्वीडन नकाशात कुठे आहे ते समजावून झालं. आई शीलाताईंनी लगेच लोकरीचा विषय काढला. यवतमाळात चाळीस अंश ऊन तापलेलं आणि घरात स्वेटरची चर्चा. रात्री जेवताना वडील म्हणाले, ज्या शेतात मोजणी केली तिथे पेढे देऊन ये, माणसाने विसरू नये. शाल्मलीने मान हलवली.

ते शेत लोहारा गावच्या कारखान्यांपलीकडे पाच किलोमीटरवर. मालक बबनराव, मोकळा माणूस. २००६ साली सगळा जिल्हा नव्या बियाण्यामागे धावत होता तेव्हा त्यांनी दोन एकरांत जुनी कपाशी ठेवली होती आणि शाल्मलीला तेच हवं होतं. जुन्या कपाशीवर, औषध न मारता, शत्रुकिडी किती आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडी किती, हे दर आठवड्याला मोजायचं. शेतात पाच ठिकाणं ठरवायची, प्रत्येक ठिकाणी चार झाडं बघायची, अशी वीस झाडं. प्रत्येक पान उलटून पाहायचं. तक्त्यात चार रकाने होते: शत्रूंपैकी बोंडअळी, आणि मित्रांपैकी ढालकिडा, हिरवी पाखरी आणि कोळी.

मदतीला नजर चांगली असलेली एक बाई द्या, असं तिने बबनरावांना म्हटलं होतं. त्यांनी मैनाबाईला हाक मारली. मैनाबाई तेव्हा पन्नाशीपुढची, हाडापेराने मजबूत, कपाळावर गोंदण. मोजायचं काय ते ऐकून ती सगळ्या बायांदेखत म्हणाली होती, "किडे मोजाची मजुरी भेटते? आजलोक तं मारतच आलो." बाया हसल्या. शाल्मलीही हसली. पहिल्या दोन आठवड्यांतच तिला कळून चुकलं की एका पानावर तिला जिथे काही दिसत नाही तिथे मैनाबाईला तिघे दिसतात. कोळी पान दुमडून कसा आत बसतो, पाखरीची अंडी केसाएवढ्या दांड्यावर कशी उभी असतात, हे तिला मैनाबाईने दाखवलं. पुस्तकात होतं ते सगळं, पण पानावर ते ओळखायला मैनाबाई लागली.

मग त्या वर्षी गावोगाव पसरलेला सांधेदुखीचा ताप शाल्मलीला आला. जुलैच्या मध्यावर ती अंथरुणाला खिळली ती सप्टेंबर उजाडेपर्यंत. पेन धरलं तरी बोटं कळवळत. वर झड लागलेली, काळ्या मातीत पायही निघत नव्हता. वीस आठवड्यांचं काम मधेच तुटलं तर वर्ष वाया जाणार होतं. तेव्हा मैनाबाईनेच तोड काढली. तिला लिहिता येत नव्हतं. तिने किडीगणिक एक दाणा ठरवला. बोंडअळीला सरकी, ढालकिड्याला तूर, पाखरीला ज्वारी, कोळ्याला मूग. शेतात जितके दिसतील तितके दाणे ती एका फडक्यात टाकत जायची, एकेका ठिकाणाची वेगळी गाठ, अशा पाच गाठी. रविवारच्या बाजाराला ती यवतमाळात यायचीच. येताना फडकं पांढरीपांड्यांच्या फाटकाशी द्यायची, शीलाताई घ्यायच्या. तिला चहा मिळायचा. तो कप वेगळा होता, कान तुटलेला, फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवलेला. शाल्मलीला तो कप लहानपणापासून माहीत होता आणि त्याबद्दल तिने कधी काही म्हटलं नव्हतं. शीलाताई फडकं आत आणायच्या. शाल्मली पलंगावर बसून ताटात एकेक गाठ सोडायची, दाणे वेगळे करायची, मोजायची, तक्ता भरायची. फडकं धुऊन पुढच्या रविवारी परत. असे सात रविवार.

प्रबंध झाला, पदवी झाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार होते. मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे, शेतमालक श्री. बबनरावांचे, आणि शेवटी 'शेतावरील मजुरांचे'. स्वीडनला पाठवलेल्या अर्जात प्रबंध जोडून तिने लिहिलं होतं की मी यवतमाळची आहे, या जिल्ह्याच्या कापसाचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. त्या वर्षांत यवतमाळचं नाव दिल्लीपर्यंत पोचलेलं होतं, पांढऱ्या गाड्यांतून पाहणी करणारे येत होते, त्यामुळे हे वाक्य कुठेही चाललं असतं. वास्तविक पांढरीपांड्यांच्या घरात कापूस होता तो गादीत आणि देवाच्या वातीत.

गुरुवारी ती पेढ्यांचा पुडा घेऊन स्कूटीवरून निघाली. मनाशी तिने ठरवलं होतं की मैनाबाईला आज सांगायचं, तू मोजलंस म्हणून मला हे मिळालं. एवढं म्हटलं की मोकळं वाटेल असा तिचा हिशेब होता.

शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावले होते. मैनाबाई मोळी बांधत होती. पेढा तिने तोंडात टाकला, दुसरा पदराला बांधला आणि कुठे चालली म्हणून विचारलं. शाल्मलीने सांगितलं. लांब आहे, विमानाने जावं लागतं, सहा महिने बर्फ असतो.

"पऱ्हाटी होते तिथं?"

"नाही होत, मावशी."

"मंग कायले जाते?" मैनाबाई म्हणाली. "ज्या गावाले कापूस नाही त्या गावाले कापसाचे किडे शिकाले."

शाल्मलीला हसू आलं. त्या हसण्याच्या भरातच तिने सांगून टाकलं की तिथल्या बाईंना आपलं काम आवडलं, झडीत कोळी दिसेनासे होतात हे कुणाला माहीत नव्हतं म्हणाल्या.

मैनाबाईने मोळीवरचा पाय काढला.

"कोण म्हनते? झडीत तं लय कोळी होते. पान पान दुमडून बसलेले. खडे वेचू वेचू माही कंबर धरली."

"खडे?"

"मंग! मूग कुठले आनू? झडीत काम नोयतं, मूग शिजोले पोरांयले. तीन आईतवार कोळ्याच्या जागी खडे बांधले म्या. बारके बारके. तुह्या मायले सांगतलं होतं."

शाल्मलीला ताट आठवलं. पलंगावर मांडीशी धरलेलं स्टीलचं ताट, त्यात सोडलेली गाठ, तूर, ज्वारी, सरकी, आणि खडे. घरातल्या कुठल्याही मुलीने केलं असतं तेच तिने केलं होतं. धान्यात खडा दिसला की बोट आपोआप तो बाजूला सारतं, आई शिकवते, आईची आई शिकवते, त्याला विचार लागत नाही. तिने ते खडे निवडून निवडून खिडकीतून अंगणात टाकले होते. तिन्ही रविवारी. इतकंच नाही, त्यातल्या दुसऱ्या रविवारी ती आईला म्हणालीही होती, किती खडे हे, ही बाई हेच खाते की काय. आई हसली होती. मग तक्त्यात कोळ्यांच्या रकान्यात तिने ओळीने शून्यं भरली आणि पुढे त्या शून्यांवर प्रबंधाची साडेतीन पानं लिहिली.

मैनाबाईला तिने यातलं काही सांगितलं नाही. ज्यासाठी आली होती ते आभारही राहिले. ऊन लागतंय, निघते, एवढं म्हणून ती परत फिरली. बबनरावांनी मागून हाक मारून परदेशातून फोन करशील ना विचारलं, तेव्हा तिने नुसता हात वर केला.

तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेजारपाजारचे अभिनंदनाला येत होते. प्रत्येकाला वडील पेढा देत आणि 'भर पावसात, चिखल तुडवत' हे शब्द हमखास वापरत. तिसऱ्या दिवशी कुणा वकिलांसमोर त्यांनी ते पुन्हा म्हटलं आणि शाल्मली उठून आत गेली. पाहुणे गेल्यावर तिने दोघांना बसवून सगळं सांगितलं. सात आठवडे, दाणे, खडे, शून्यं. स्वीडनला खरं कळवणार आहे असं म्हणाली.

नंदकिशोररावांनी कोर्टातला नियम सांगितला. साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं. तुला कुणी विचारलं आहे का? नाही. तीन आठवड्यांचे कोळी, त्यावाचून कुणाचं काय अडलं? उद्या ते म्हणतील, हिचं बाकीचंही खरं कशावरून? जागा जाईल, कदाचित पदवीवरही बोट ठेवतील. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो शाल्मलीला सहन होईना. कारण हाच सल्ला तीन दिवस तिने स्वतःला दिला होता, जवळजवळ याच शब्दांत.

शीलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "तिने सांगितलं होतं मला. खडे आणले त्या पहिल्याच रविवारी, फाटकाशी. खडे फेकू नका बाई, म्हणाली. मला वाटलं, दृष्टीबिष्टीचं काही असेल त्यांच्यातलं. मी हो म्हटलं आणि आत येईपर्यंत विसरले."

शीलाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि नंतर दोन दिवस त्या मुलीच्या नजरेला नजर देत नव्हत्या. शाल्मलीला आईचा राग यायला हवा होता. पण आई निदान विसरली होती. आपण तर सात रविवार पलंगावरून हाक मारून मैनाबाईला आत बोलावलंही नव्हतं. फाटक ते पलंग, अठरा पावलं. ताप होता हे खरं, पण सातही रविवार काही एकसारखा ताप नव्हता. पाचव्या रविवारी ती मैत्रिणीशी अर्धा तास फोनवर बोलत होती आणि खिडकीतून तिला मैनाबाई चहा पिताना दिसत होती.

१७ एप्रिलला तिने पत्र लिहिलं. दोनदा खोडून लिहिलं. पहिल्या खेपेला 'नोंदी करताना माझ्याकडून चूक झाली' एवढंच होतं. ते वाचून तिलाच कळलं की यात चूक कबूल आहे, पण मोजणारी बाई अजून लपलेलीच आहे. मग तिने सगळं लिहिलं. मी गेले नव्हते, एक बाई गेल्या होत्या, त्यांनी असं मोजलं, मी असं फेकलं. झडीत कोळी नाहीसे होत नाहीत, ते मी नाहीसे केले. पत्र पाठवून ती कॅफेतून बाहेर आली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. आता ते जागा काढून घेतील, शिक्षा होईल आणि प्रश्न मिटेल.

पण तसं काही झालं नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं. प्राध्यापक बाईंनी आभार मानले होते. तुमचा प्रवेश पदवीच्या गुणांवर झाला आहे, त्या प्रबंधावर नाही, तेव्हा तो कायम आहे. चूक आपणहून कळवणारे विद्यार्थी आम्हाला हवेच असतात. त्या तीन आठवड्यांची मोजणी वगळा किंवा पुन्हा करा, आणि दुरुस्ती पाठवा. एक विचारायचं होतं, मोजणी करणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव काय? दुरुस्तीत ते लागेल.

इतकं सोपं उत्तर. शाल्मलीने ते वाचलं आणि तिचे कान तापले. दोन वर्षं झाली होती ओळखीला. मैनाबाईचं पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं.

ती पुन्हा गेली. या वेळी शेतात कुणी नव्हतं म्हणून विचारत विचारत वस्तीवर गेली. मैनाबाई दारात बसून पळसाची पानं जुळवत होती. ती पानं डोळ्यांजवळ धरून पाहत होती, हे शाल्मलीच्या आधी लक्षात आलं नाही. तिने नाव विचारलं.

"काहून? पोलिसात देतं का माहं नाव?"

"कागदावर लिहायचं आहे, मावशी. तुम्ही मोजलं म्हणून."

"मैनाबाई उकंडा आत्राम," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव घेताना तिने मान थोडी वळवली. शाल्मलीने वहीत लिहून घेतलं. मग तिने सगळं सांगितलं. खडे आपण निवडून फेकले, तेही. ताटाचं, खिडकीचं, ती बाई हेच खाते की काय म्हटल्याचंसुद्धा. ते शेवटचं तिने का सांगितलं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मैनाबाईने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पान पानाला जोडून तिने त्यात काडी खोवली.

"सात आईतवार आली मी तुह्या घरी," ती म्हणाली. "पान्यात भिजून. तवा काहून नाही विचारलं?"

शाल्मलीने वही मिटली. मग तिने विचारलं की या पावसात पुन्हा मोजाल का, मजुरी देईन, त्या तीन आठवड्यांचं पुन्हा करायचं आहे. मैनाबाई हसली, तोंड भरून नव्हे, नुसतं नाकातून. एक डोळा झाकून तिने हातातलं पान उजेडाकडे धरलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सारा आली होती, डाव्यात सुरू होत होती.

"मले आता हिरवं हिरवंच दिसते. कोळी कुठं आन पान कुठं. कोठी बसते ते सांगू शकते मी, पाहाले डोळे दुसऱ्याचे लागतीन. तू राह्यशीन तं मोजू. तू चालली म्हनते."

महिनाअखेरीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत शाल्मलीने निर्णय चार वेळा फिरवला. दुरुस्तीत तीन आठवडे गाळून टाकणं सगळ्यात सोयीचं होतं, बाईंनीच तसं लिहिलं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. पुन्हा मोजायचे तर तुलनेला सगळा वीस आठवड्यांचा हंगाम लागणार होता, आणि तो सप्टेंबरच्या पुढे जाणार होता. पण गाळायचे ते आठवडे नेमके मैनाबाईचे, पोरांना मूग घालून खडे वेचलेले. एकदा फेकले ते फेकले, आता नियमाने, परवानगीने पुन्हा फेकायचे. आणि पुढच्या पावसाळ्यात मैनाबाईला पान दिसेलच याची खात्री डॉक्टरही देत नव्हता. शस्त्रक्रियेला ती घाबरत होती. ३० एप्रिलला सकाळी शाल्मलीने स्वीडनला लिहिलं की या वर्षी येऊ शकत नाही, जागा एक वर्ष राखता येईल का. संध्याकाळी उत्तर आलं. राखता येत नाही, नियम नाही, पुन्हा अर्ज करावा लागेल, वाईट वाटतं. तिने 'समजलं, आभारी आहे' असं लिहिलं.

वडिलांनी तिच्याशी पंधरा दिवस अबोला धरला. गल्लीत व्हिसा नाकारला अशी बातमी पसरली, कुणी म्हणालं इंग्रजी कमी पडलं. शीलाताई एकदा खुलासा करायला निघाल्या तेव्हा शाल्मलीनेच थांबवलं. इतक्या लोकांपुढे आपण चांगल्या ठरावं, आणि तेही मैनाबाईचं नाव घेऊन, एवढं तोंड आपल्याला राहिलेलं नाही असं तिला वाटत होतं. मैनाबाई जुलैत एकदा घरी आली तेव्हा शीलाताईंनी तिला आत, सोफ्यावर बसवलं आणि चांगल्या कपात चहा दिला. मैनाबाई काठावर अवघडून बसली, चहा तसाच ठेवून लवकर उठली.

३१ ऑगस्टला रविवार होता. चार दिवसांची झड लागलेली होती आणि त्या हंगामातली ती सातवी मोजणी. स्कूटी डांबरी रस्त्यावर ठेवून शाल्मली पुढचा दीड किलोमीटर चप्पल हातात घेऊन चालत आली होती. चिखल पोटरीपर्यंत चढला होता. मैनाबाई पुढे होती, डोक्यावर पोत्याची खोळ. ती झाडाजवळ थांबायची, बोटांनी चाचपून सांगायची, इथं, या फांदीच्या बुडी, उलटं करून पाह्य. शाल्मली पान उलटायची आणि वहीत रेघ ओढायची. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती तरी कागद ओलसर झाला होता. दोन तासांत तिची पाठ भरून आली आणि बाराच झाडं झाली होती. त्या वर्षी हे सगळं एकटीने, सात वेळा, आणि वर बाजाराचं ओझं घेऊन यवतमाळपर्यंत, हे तिने आजवर नुसतं शब्दांत ऐकलं होतं. उद्या तिकडे वर्ग सुरू होतील, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि पाऊस पापण्यांवर साचत होता म्हणून तिने बाहीने डोळे पुसले.

तेराव्या झाडाचे सात कोळी लिहून ती पुढे सरकली.

"थांब," मैनाबाई मागे न पाहता म्हणाली. "लय लवकर सरकली तू. बुडखाचं पान नाही पाह्यलं."

शाल्मली परत फिरली, चिखलात गुडघा टेकून बसली आणि खालचं पान उलटून पाहू लागली.